धडा : खोलीला पाणी, दाराला कुलूप
भाड्याच्या खोलीत जाता येत नसेल तर विद्यार्थ्याचे हक्क आणि पैसे

या धड्यातून तुम्हाला काय समजेल?
• खोलीत जाता येत नसताना भाडे द्यावे लागते का
• घरमालकाने कुलूप घातले तर कोणाकडे जायचे
• अनामत रक्कम आणि सामान कसे सुरक्षित ठेवायचे
• अशा प्रसंगासाठी आधीपासून किती पैसे बाजूला ठेवायचे



वाराणसीत दशाश्वमेध घाटाकडून दक्षिणेला चालत निघालात, की पांडे घाट ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर राजा घाट लागतो. हा घाट आणि आपले नाते जुने आहे. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे काशीला जाऊन राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हा घाट दगडात बांधून घेतला. बराच काळ तो अमृतराव घाट म्हणूनच ओळखला जात असे. आजही वेदाध्ययनासाठी, संस्कृतसाठी, संगीतासाठी किंवा बनारस हिंदू विद्यापीठात शिकण्यासाठी महाराष्ट्रातून मुले-मुली वाराणसीला जातात. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर घाटामागच्या गल्ल्यांत, अस्सी, नगवा, सामनेघाट अशा वस्त्यांत ती भाड्याने खोली घेतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी राजा घाटाजवळच्या गल्लीत तळमजल्यावरच्या खोलीत राहते. भाडे महिना ४,५०० रुपये. अनामत दोन महिन्यांची, म्हणजे ९,००० रुपये. वडिलांचे किराणा दुकान आहे. हे पैसे त्यांनी आवर्ती ठेव मोडून दिले. ऑगस्टमध्ये गंगा चढली, पाणी गल्लीत आले आणि मुलगी अंगावरच्या कपड्यांनिशी मैत्रिणीकडे गेली. बारा दिवस खोलीत पाय ठेवता आला नाही. एक तारखेला घरमालकाचा फोन आला, "भाडं पाठवा." मुलीने घरी विचारले, "बाबा, राहिलेच नाही तर भाडं कशाचं?"

वडिलांना वाटते, पाठवू नये. शेजारी म्हणतात, गुपचूप पाठव, नाही तर खोली जाईल. या दोन्ही सल्ल्यांत धोका आहे. तिसरा मार्ग कोणता, ते या धड्यात पाहू.

१. आधी कारण ओळखा

खोलीत जाता येत नाही, एवढे सांगून भागत नाही. वाट कशामुळे अडली आहे, हे पहिल्यांदा पाहा. कारणे साधारण तीन असतात.

पहिले, निसर्ग : पूर, आग, भूकंप, इमारत धोकादायक होणे.
दुसरे, सरकारी आदेश : टाळेबंदी, संचारबंदी, परिसर बंद करणे.
तिसरे, घरमालक : कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, वीज-पाणी तोडणे.

पहिल्या दोन कारणांत घरमालकाचाही दोष नसतो. तिथे प्रश्न असतो तो नुकसान कोणी किती सोसायचे, हा. तिसऱ्या कारणात मात्र तुमच्या हक्कावर घाला आलेला असतो. म्हणून प्रत्येक वेळी करायची कृती वेगळी आहे.

२. नदीने वाट अडवली तर

वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोका पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. तो आजवरचा उच्चांक मानला जातो. अलीकडे २०१६, २०२१, २०२२ आणि २०२५ या वर्षीही गंगेने धोका पातळी ओलांडली. पाणी चढले, की आधी घाटाघाटांना जोडणाऱ्या पायऱ्या बुडतात, नावा बंद होतात, मग सखल भागातल्या गल्ल्या आणि घरे पाण्यात जातात. म्हणजे तिथे खोली घेणाऱ्याने पूर ही अचानक आलेली गोष्ट न समजता हिशेबात धरण्याची बाब समजली पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १०८(ङ) असे सांगते, की आग, वादळ, पूर अशा कारणाने भाड्याच्या जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरू भाडेपट्टा रद्द मानू शकतो. यातला 'कायमचा' हा शब्द नीट वाचा. बारा दिवस पाणी होते आणि मग ओसरले, तर या कलमाचा आधार मिळणे कठीण आहे.

हाच मुद्दा टाळेबंदीच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या भाडेकरूने, दुकान बंद असल्यामुळे भाडे स्थगित करावे, अशी मागणी केली होती. २१ मे २०२० रोजी न्यायालयाने ती फेटाळली. तात्पुरते वापरता आले नाही म्हणून भाडे आपोआप माफ होत नाही, असा त्याचा अर्थ. भाडे भरण्यासाठी थोडी मुदत मात्र मिळाली. न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : करारातच अशा आपत्तीसाठी अट लिहिलेली असेल, तर भाडेकरू त्या अटीवर बोट ठेवू शकतो.

आपल्या धड्याचा गाभा इथेच आहे. आपत्तीच्या दिवसांचे भाडे द्यायचे की नाही, हे बहुतेक वेळा आपत्ती येण्याआधी लिहिलेल्या एका ओळीवर ठरते.

ती ओळ कशी असावी, याचा नमुना केंद्र सरकारनेच दिला आहे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. पूर, आग, भूकंप अशा आपत्तीमुळे जागा राहण्याजोगी नसेल, तर ती पुन्हा राहण्याजोगी होईपर्यंत घरमालकाने भाडे आकारू नये, अशी तरतूद त्यात आहे. मात्र हा नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो थेट लागू होत नाही. तरीही त्यातली अट तुमच्या करारात लिहून घ्यायला कोणाची आडकाठी नाही. करारात पुढील ओळ घाला :

"पूर, आग, भूकंप किंवा सरकारी आदेश यांमुळे भाडेकरूस खोलीत राहता आले नाही, तर तेवढ्या दिवसांचे भाडे आकारले जाणार नाही; आगाऊ दिलेले असल्यास पुढील महिन्याच्या भाड्यातून वजा केले जाईल."

करारात ही ओळ नसेल तर? तर भाडे परस्पर थांबवू नका. उत्तर प्रदेशात २०२१ पासून शहरी जागांसाठी नवा भाडेकरू कायदा लागू आहे आणि दोन महिन्यांचे भाडे थकणे हे त्यात जागा खाली करून घेण्याचे एक कारण आहे. तुम्ही रागाच्या भरात भाडे थांबवले, तर बाजू तुमची खरी असूनही कागदावर थकबाकीदार तुम्हीच दिसता.

त्याऐवजी दिवसांचा हिशेब मांडा आणि लेखी सवलत मागा. आपल्या उदाहरणात :

महिन्याचे भाडे ४,५०० रुपये ÷ ३० दिवस = दिवसाला १५० रुपये
खोली बंद राहिलेले दिवस १२ × १५० = १,८०० रुपये
त्या महिन्याचे भाडे ४,५०० – १,८०० = २,७०० रुपये

पत्र साधे असावे. घरमालकाला समजेल त्या भाषेत, वाराणसीत असाल तर हिंदीत, लिहा. मजकूर असा :

"मी आपल्या घरातील तळमजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गल्लीत पाणी असल्यामुळे मला खोलीत जाता आले नाही. सोबत छायाचित्रे आणि त्या दिवसांच्या पाणीपातळीची माहिती जोडली आहे. या बारा दिवसांचे १,८०० रुपये भाड्यातून कमी करावेत, ही विनंती. आपला निर्णय होईपर्यंत उरलेले २,७०० रुपये आज आपल्या खात्यात जमा करत आहे. खोलीचा ताबा मी सोडलेला नाही. सामान आत आहे."

शेवटचे वाक्य विसरू नका. बरेच दिवस खोली बंद दिसली, की 'पोरगी सोडून गेली' असे म्हणायला वाव मिळतो. या एका वाक्याने तो बंद होतो.

घरमालकाने सवलत नाकारली, तर १,८०० रुपयेही भरा. पण 'हरकत नोंदवून भरत आहे' असा संदेश सोबत पाठवा. वाद पुढे नेता येतो. थकबाकीचा ठपका मात्र पुसता येत नाही.

पाणीपातळीची माहिती कुठे मिळेल? केंद्रीय जल आयोग वाराणसीची पातळी राजघाट येथे मोजतो आणि पुराच्या दिवसांत ती रोज वर्तमानपत्रांत येते. नावातल्या साम्याने गोंधळू नका : राजघाट उत्तरेला मालवीय पुलाजवळ आहे, राजा घाट वेगळा. वर्तमानपत्राचे ते कात्रण आणि तुमच्या मोबाइलमधील तारखेसह छायाचित्र, हे दोन पुरावे पुरेसे बोलके असतात.

३. सरकारी आदेशाने वाट अडवली तर

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अनेक विद्यार्थी होळीच्या सुटीसाठी किंवा परीक्षा पुढे गेल्या म्हणून गावी गेले होते, ते तिकडेच अडकले. खोलीत पुस्तके, गादी, प्रमाणपत्रे. आणि दर महिन्याला भाड्याचा तगादा.

२९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला. त्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून समजून घ्या. भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये, ही सूचना कामगारांसाठी होती. कामगारांना किंवा विद्यार्थ्यांना जागा सोडायला भाग पाडणाऱ्या घरमालकावर कारवाई होईल, या भागात मात्र विद्यार्थ्यांचा स्पष्ट उल्लेख होता. महाराष्ट्रातही एप्रिल २०२० मध्ये गृहनिर्माण विभागाने, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये, अशी सूचना घरमालकांना केली.

'पुढे ढकलावी' आणि 'माफ करावी' यांत फरक आहे. त्या काळात अनेकांनी तो लक्षात घेतला नाही आणि तीन महिन्यांनी एकदम थकबाकी समोर आली. म्हणून असा आदेश निघाला, की बातमीच्या मथळ्यावर विसंबू नका, मूळ आदेश मिळवून वाचा. भाडे माफ, पुढे ढकललेले, की फक्त घरातून न काढण्याची हमी? यांपैकी काय आहे ते पाहा. पुढे ढकललेले असेल, तर ती रक्कम दर महिन्याला बचत खात्यात बाजूला ठेवत जा. ती खर्चाला मोकळी झालेली नाही.

४. घरमालकाने कुलूप घातले तर

आता तिसरे कारण. पाणी ओसरले, मुलगी परत आली, तर दाराला नवे कुलूप. 'भाडं पूर्ण दे, मग किल्ली' किंवा 'दुसऱ्याला दिली खोली' असे उत्तर.

इथे तुमचा हक्क पक्का आहे. भाडे देणाऱ्या आणि कराराच्या अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतीत जागेचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे, हे १८८२ च्या त्याच कायद्याचे तत्त्व आहे. भाडे थकले असले, तरी घरमालकाला स्वतःच कुलूप घालून ताबा घेता येत नाही. त्याने कायद्याच्या मार्गाने गेले पाहिजे. स्थिर ताब्यातल्या माणसाला कायद्याच्या प्रक्रियेशिवाय हुसकावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. भाड्यापोटी तुमची पुस्तके किंवा प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे हाही वसुलीचा कायदेशीर मार्ग नाही.

काय करायचे, ते क्रमाने :

पहिल्या दिवशी : भांडू नका, कुलूप तोडू नका. दाराचे छायाचित्र घ्या. घरमालकाला लेखी संदेश पाठवा : 'मी अमुक वाजता आले, खोलीला दुसरे कुलूप आहे, सामान आत आहे, आज किल्ली द्यावी.' शेजाऱ्यांपैकी एकाला सोबत ठेवा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी : जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. तातडी असेल तर ११२ क्रमांकावर फोन करा. 'हा दिवाणी वाद आहे' असे तिथे ऐकायला मिळू शकते. वादाचा निकाल दिवाणी असला, तरी एखाद्याला त्याच्या हक्काच्या वाटेने जाऊ न देणे, म्हणजे गैरपणे अडवणूक करणे, हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. अर्जात तेवढेच लिहा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

त्या आठवड्यात : उत्तर प्रदेशात भाडे प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे काम अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. वीज, पाणी यांसारखी आवश्यक सेवा घरमालकाने तोडली असेल, तर ती पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेश प्राधिकरण देऊ शकते.

सहा महिन्यांच्या आत : विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. संमतीशिवाय आणि कायद्याच्या प्रक्रियेशिवाय ताबा काढून घेतला गेला, एवढे दाखवले तरी ताबा परत मिळू शकतो. मालकी कोणाची, हा प्रश्न तिथे येत नाही. सहा महिन्यांची मुदत मात्र चुकवू नका.

वकिलाचा खर्च परवडत नाही, म्हणून अनेक पालक इथेच थांबतात. त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना मोफत विधी सेवा मागता येते. म्हणजे आपल्या उदाहरणातली मुलगी दोन कारणांनी पात्र ठरते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

५. तुम्ही नक्की भाडेकरू आहात का?

सगळ्या खोल्यांना एकच नियम नाही. धर्मशाळा, मठ किंवा संस्थेच्या वसतिगृहातली खोली असेल, तर तिथे संस्थेचे नियम चालतात आणि राज्याचा भाडेकरू कायदा लागू असेलच असे नाही. घरातल्या कुटुंबासोबत पेइंग गेस्ट म्हणून राहत असाल, तरीही स्थिती वेगळी असते. पुण्या-मुंबईत बहुतेक करार 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुमती आणि परवान्याचे असतात; त्यात राहणाऱ्याला भाडेकरूइतके संरक्षण नसते. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. म्हणून सही करण्याआधी कराराच्या पहिल्या पानावर काय लिहिले आहे ते वाचा.

विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल, तर करार पालकाच्या नावाने करा. अज्ञान व्यक्तीने केलेला करार कायद्यात टिकत नाही.

६. पैशांची बाजू

बँकेत काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पालक अनामत रक्कम घरून रोख नेऊन देतात आणि मुलगा दर महिन्याला रोख भाडे देतो. वाद झाला, की आमच्याकडे येऊन विचारतात, 'पासबुकात काही निघेल का?' निघते ते एटीएममधून काढलेले पैसे. ते कोणाला दिले, ते बँकेला माहीत नसते.

म्हणून हे नियम पाळा.

अनामत खात्यातूनच द्या. यूपीआय किंवा बँक हस्तांतरण करताना शेऱ्यात 'खोली अनामत' लिहा. भाड्यासाठी 'भाडे ऑगस्ट' असे महिन्याच्या नावासह लिहा. दोन्ही एकत्र पाठवू नका. अनामत वेगळी, भाडे वेगळे. उत्तर प्रदेशच्या कायद्यानुसार राहण्याच्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. घरमालक रोखच मागत असेल, तर सहीची पावती घ्या.

आता कुलूप लागण्याचा खर्च मांडून पाहा. जुनी अनामत ९,००० रुपये अडकलेली. नव्या खोलीची अनामत ९,००० आणि पहिले भाडे ४,५००, म्हणजे १३,५०० रुपये ताबडतोब हवेत. किराणा दुकान चालवणाऱ्या घराला एका आठवड्यात एवढी रक्कम उभी करायची, तर दागिना गहाण जातो किंवा व्याजी पैसे घेतले जातात. मुलीने सहा महिने भाडे वेळेवर दिले असूनही हे ओझे घरावर येते. म्हणूनच 'खोलीचा प्रश्न' हा घराच्या बचतीचा प्रश्न आहे.

त्यासाठी छोटा आपत्ती निधी ठेवा. आपल्या उदाहरणात :

एक महिन्याचे भाडे ४,५०० रुपये
पंधरा दिवसांचे बाहेरचे जेवण ३,००० रुपये
गावी जाण्या-येण्याचे तिकीट १,५०० रुपये
एकूण ९,००० रुपये

दर महिन्याला ७५० रुपयांची आवर्ती ठेव बारा महिने चालवली, की ही रक्कम उभी राहते, व्याज वेगळे. ठेव प्रवेशाच्या वर्षातच, शक्यतो जूनआधी सुरू करा. ठेव पूर्ण झाली, की रक्कम बचत खात्यात ठेवा. मुदत ठेवीत ठेवायची असेल, तर ती मोबाइलवरून मोडता येते का, हे शाखेत विचारा; पुराच्या दिवशी शाखेपर्यंत पोहोचता येईलच असे नाही.

घरातल्या सामानाचा विमाही काढता येतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पुराचा धोका समाविष्ट आहे आणि घर स्वतःचे नसले, तरी केवळ सामानासाठी ती घेता येते. लॅपटॉप किंवा वाद्य असेल, तर त्याची खरेदी-पावती जपा आणि ती वस्तू पॉलिसीत कशी धरली जाते, ते आधी विचारा.

शैक्षणिक कर्ज चालू असेल आणि पुरामुळे परीक्षा किंवा अभ्यासक्रम लांबला, तर शाखेला लेखी कळवा. परतफेड सुरू होण्याची तारीख अभ्यासक्रमाच्या मुदतीशी बांधलेली असते. बँकेला कळले नाही, तर हप्ता जुन्याच तारखेला सुरू होईल.

शेवटी कागदपत्रे. मूळ प्रमाणपत्रे तळमजल्याच्या खोलीत ठेवू नका. डिजिलॉकरमध्ये ती उपलब्ध करून घ्या, भाडेकराराची आणि पावत्यांची छायाचित्रे काढा आणि एक संच घरी पाठवा. ज्या खोलीत जाता येत नाही, तिच्यावरचा हक्क सिद्ध करणारा कागद त्याच खोलीत अडकून पडू नये.

लक्षात ठेवा
• वाट कशाने अडली, ते आधी ओळखा : निसर्ग, आदेश की घरमालक.
• तात्पुरता पूर आला म्हणून भाडे आपोआप माफ होत नाही. ती अट करारात लिहून घ्या.
• भाडे परस्पर थांबवू नका. दिवसांचा हिशेब मांडून लेखी सवलत मागा.
• 'ताबा सोडलेला नाही' हे लेखी कळवा.
• कुलूप घालण्याचा अधिकार घरमालकाला नाही. पोच घ्या आणि सहा महिन्यांची मुदत पाळा.
• अनामत आणि भाडे खात्यातूनच द्या.
• मोफत विधी सेवा : १५१००.

स्वाध्याय
१. तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या खोलीचे भाडे ६,००० रुपये आहे आणि सरकारी आदेशामुळे ९ दिवस खोली बंद राहिली. महिना ३० दिवसांचा धरून किती रुपयांची सवलत मागाल? (उत्तर : १,८०० रुपये)
२. तुमचा भाडेकरार काढून पाहा. आपत्तीच्या दिवसांच्या भाड्याबद्दल त्यात ओळ आहे का? नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी घालण्यासाठी आजच लिहून ठेवा.
३. मागच्या सहा महिन्यांचे भाडे तुमच्या पासबुकात घरमालकाच्या नावाने दिसते का? दिसत नसेल, तर पुढच्या महिन्यापासून ते दिसेल अशी व्यवस्था करा.

अमृतराव पेशव्यांनाही काशीत निर्धास्त राहता आले, ते १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या लेखी कराराने वर्षाला सात लाखांचा तनखा ठरला होता म्हणून. आपल्या मुलांच्या खोलीचा व्यवहार साडेचार हजारांचा असेल; तोही तितक्याच काळजीने लिहून घ्या. पाणी दर पावसाळ्यात चढेल, पण पाणी ओसरल्यावर दार कोणाचे, यावर वाद होऊ नये, इतकी तयारी आपल्या हातात आहे.